पंखवाल्या गाड्या

मला मोटार चालवता येत नाही. सायकलसुद्धा उतार आला की मी हातात धरून नेतो. हे आधीच कबूल केलेले बरे, कारण पुढे मी जी मते ठणकावून मांडणार आहे ती वाचून कुणी मला 'चल, एक चक्कर मारून आण' म्हणायला नको. माझे सगळे ज्ञान चित्रांतले, पुस्तकांतले आणि आजोबांच्या तोंडचे. पण प्रेम करायला लायसन्स लागत नाही. माझे प्रेम अमेरिकन गाड्यांवर आहे. त्यातही 1948 ते 1959 या बारा वर्षांतल्या, मागच्या बाजूला पंख फुटलेल्या गाड्यांवर.

या पंखांची कुळकथा मोठी गमतीची आहे. जनरल मोटर्समध्ये गाड्यांच्या रूपाचा सर्वाधिकारी होता हार्ली अर्ल. युद्धाच्या सुमारास त्याने लॉकहीड कंपनीचे पी-38 हे दोन शेपट्यांचे लढाऊ विमान पाहिले आणि ते त्याच्या डोक्यातून जाईना. 1948 च्या कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डांवर दोन लहानसे उंचवटे आले ते त्यामुळे. विमानाला शेपूट लागते. मोटारीला ती कशाला? खरे म्हणजे कशालाच नाही. पण लोकांना ती आवडली आणि मग दर वर्षी पंख वाढत चालले. 1957 मध्ये क्रायस्लरच्या व्हर्जिल एक्सनरने ते असे काही उंच नेले की जनरल मोटर्सवाल्यांची झोप उडाली. त्यांचे उत्तर म्हणजे 1959 ची कॅडिलॅक. पावणेएकोणीस फूट लांबी, आणि प्रत्येक पंखातून बाहेर आलेले बंदुकीच्या गोळ्यांसारखे दोन दोन तांबडे दिवे!

ही गाडी जगप्रसिद्ध आहे आणि मला ती मुळीच आवडत नाही. घरातले सगळे दागिने एकदम अंगावर घालून मांडवात आलेल्या वरमाईसारखी ती दिसते. तिच्याकडे पाहावे लागते, पण पाहून झाल्यावर जरा थकल्यासारखे होते.

माझे मत 1957 च्या शेव्हरलेला. पंख आहेत, पण बेताचे. बोनेटवर भाल्याच्या पात्यांसारख्या दोन चकचकीत पट्ट्या आहेत, त्याही कडेला. तिच्या 283 घनइंची इंजिनाच्या सर्वांत तगड्या, पेट्रोल फवारणाऱ्या जातीला 283 अश्वशक्ती होती, म्हणजे घनइंचाला एक घोडा. हा हिशेब मी आमच्या वर्गात इतक्यांदा सांगितला आहे की मित्र मला पाहिले की खिंकाळतात. पण मला तिच्यातले सर्वांत काय आवडते, तर पेट्रोलचे झाकण. ते दिसतच नाही. डाव्या पंखाच्या मागच्या कडेला जी चकचकीत पट्टी आहे, तिचाच एक तुकडा दारासारखा उघडतो आणि आत झाकण! माहीत नसलेला माणूस गाडीभोवती प्रदक्षिणाच घालत राहील.

आणि सर्वांत देखणी कोण म्हणाल, तर 1953 ची स्टुडबेकरची दोन दारांची गाडी. रेमंड लोवीच्या कार्यालयात, मुख्यतः रॉबर्ट बूर्क याच्या हातून ती उतरली. बुटकी, लांबट, निमुळत्या नाकाची. निकल-क्रोमचा सोस नाही. ही कंपनी 1852 पासूनची, आधी घोड्यांच्या गाड्या करणारी. साउथ बेंडचा तिचा मोटारींचा कारखाना 1963 च्या डिसेंबरात बंद पडला आणि 1966 मध्ये कॅनडातलाही. देखणेपणाने पोट भरत नाही, हे आम्हा आर्ट्सवाल्यांना कुणी वेगळे सांगायला नको.

एड्सेलचा विषय निघाला की मात्र मी वकील होतो. फोर्डने 1957 च्या सप्टेंबरात वाजतगाजत आणलेली ही गाडी 1959 च्या नोव्हेंबरात गुंडाळली. नाकावरची उभी जाळी घोड्याच्या गळपट्ट्यासारखी दिसते म्हणून लोक हसले. स्टिअरिंगच्या मधोमध, जिथे हात हॉर्नसाठी जातो, तिथे गिअरची बटणे बसवली होती, हेही खरे. पण या गाडीला नाव सुचवा म्हणून फोर्डवाल्यांनी 1955 मध्ये चक्क एका कवयित्रीला, मेरिअन मूर यांना, पत्र घातले होते! त्यांनी 'युटोपियन टर्टलटॉप', 'मंगूस सिव्हिक' अशी नावे कळवली. कंपनीने शेवटी हेन्री फोर्डच्या दिवंगत मुलाचे नाव दिले. कवयित्रीचे ऐकले असते तर निदान गाडी बुडाली तरी नाव राहिले असते.

हे मी इंग्रजीच्या सरांना रंगवून सांगत होतो. ते म्हणाले, "मूरबाईंपर्यंत आलास, आता राल्फ नेडरपर्यंत जा." आणि त्यांनी मला नेडरचे 1965 सालचे 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' वाचायला दिले.

मी ते रागारागाने उघडले. नेडर तिथे 'दुसऱ्या टकरे'बद्दल लिहितो. पहिली टक्कर गाडीची कशाशी तरी होते. दुसरी, आतल्या माणसाची त्याच्याच गाडीशी. स्टिअरिंगचा दांडा सरळ, ताठ, पोलादी. गाडी समोरून आदळली की तो मागे सरकतो आणि चालवणाऱ्याच्या छातीवर येतो. दाबला जाऊन मिटणारा दांडा अमेरिकन गाड्यांत सरसकट येऊ लागला तो 1967 च्या मॉडेलांपासून. पंख मात्र 1948 पासूनच वाढत होते.

इथे मी पुस्तक मिटले, कारण मला आजोबांची छाती आठवली.

आजोबा तरुणपणी मुंबईत टॅक्सी चालवत. त्या काळी मुंबईच्या रस्त्यांवर अमेरिकन टॅक्स्या खूप. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना 1928 पासून 1954 पर्यंत होता, कुर्ल्याला प्रीमियरमध्ये डॉज, प्लिमथ जोडल्या जात. आजोबांची गाडी कुठल्या कंपनीची ते इथे लिहीत नाही. अमेरिकन होती, शेठची होती आणि आजोबांच्या मते मुंबईत तिच्यासारखी दुसरी नव्हती. 1966 च्या पावसाळ्यात ती एका उभ्या ट्रकवर गेली. ट्रकचे फारसे काही झाले नाही. आजोबांच्या चार बरगड्या मोडल्या. तेव्हापासून त्यांच्या छातीच्या मधोमध एक खळगा आहे. लहानपणी मी त्यात गोटी ठेवून खेळत असे. त्यांचा श्वास जिन्यावर अडतो तोही तेव्हापासूनच. घरात आम्ही म्हणत आलो की देवाने वाचवले.

मी पुस्तक घेऊन त्यांच्यापाशी बसलो. दांड्याची सगळी हकीगत सांगितली. 1956 मध्ये फोर्डने खोलगट स्टिअरिंग आणि जादा पैसे देऊन पट्टे देऊ केले होते, म्हणजे धोका कंपन्यांना ठाऊक होता, हेही सांगितले. माझा आवाज चढला होता.

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दांडा होय? मला वाटत आलं, मीच ब्रेक उशिरा दाबला."

"आजोबा, ब्रेक उशिरा लागला असेल. पण बरगड्या मोडायचं कारण नव्हतं."

"साठ वर्षं मी त्या ब्रेकला शिव्या देतोय," ते म्हणाले, आणि हसले. हसताना त्यांना खोकला आला. मी पाणी आणून दिले.

त्या रात्री मी भिंतीवरचे शेव्हरलेचे चित्र काढून ठेवले. सकाळी पाहतो तो आजोबांनी ते गादीखालून काढून चष्मा लावून समोर धरलेले. मला राग आला, की बरे वाटले, हे अजून नीट सांगता येत नाही.

"हिला पेट्रोल कुठून घालायचे, सांगा पाहू," मी म्हणालो. कोडे घालायची माझी सवय.

त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. थरथरते बोट चित्रावरून सरकत सरकत डाव्या पंखाच्या कडेला जाऊन थांबले.