'ऑन द बस' आणि आपली पोरं

परवा आठवीतली लेक इंग्रजीचं पुस्तक घेऊन आली. "बाबा, 'ऑन द बस' का म्हणायचं? आपण काय टपावर बसतो का? आणि मग 'इन द कार' कसं?"

मी सांगितलं, ज्यात उभं राहून चालता येतं त्या बस, ट्रेन, विमानाला बहुतेक वेळा 'ऑन'. वाकून आत शिरावं लागतं त्या कार, टॅक्सीला 'इन'. तिला पटलं. पण मग हळूच म्हणाली, "वर्गात चुकलं की सगळे हसतात. मी आता हातच वर करत नाही."

काळजात चर्र झालं राव. कारण मीही मराठी माध्यमाचा. पहिल्या मुलाखतीत 'वुई डिस्कस्ड अबाउट द प्रोजेक्ट' म्हणालो आणि समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही, हे फार नंतर कळलं. मी मनात मराठीच बोलत होतो, प्रोजेक्टबद्दल चर्चा केली. त्यातला 'बद्दल' सोबत आला, एवढंच. 'तिच्याशी लग्न'मधल्या 'शी'मुळे असंच 'मॅरीड विथ' होतं, हवं असतं 'मॅरीड टू'. 'गणितात हुशार'चं होतं 'गुड इन', हवं 'गुड ॲट'.

आता आपली मराठी बघा. आपण घरी जातो, शाळेत जातो, गावाला जातो, डॉक्टरकडे जातो. जाणं एकच, शेपट्या चार! कुणी नियम शिकवला? कानावर पडत गेलं, जिभेवर बसलं. इंग्रजीवाल्यांचंही आपसात कुठे जमतं? शनिवार-रविवारसाठी ब्रिटिश 'ॲट द वीकेंड' म्हणतात, अमेरिकन 'ऑन द वीकेंड'.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पण ज्या घरात इंग्रजी कानावरच पडत नाही, तिथल्या पोराला आपण रिकाम्या जागा भरायला लावतो आणि चुकलं की हसतो. त्यापेक्षा 'वेट फॉर', 'डिपेंड ऑन', 'अफ्रेड ऑफ' अशा जोड्याच वाक्यात, मोठ्याने, रोज बोलून घ्या. आणि मुलाखत घेणाऱ्यांनो, समोरच्याला काम येतं का ते आधी बघा. जास्तीचा 'अबाउट' एका मिनिटात काढता येतो. गेलेला आत्मविश्वास परत यायला वर्षं लागतात.

लेकीला सांगितलंय, उद्या हात वर कर. चुकलीस तर घरी येऊन सांग. तुझा बाप तुझ्यापेक्षा जास्त चुकलाय.

तुमच्यावर कोण, कशावरून हसलं होतं? लिहा खाली. पोरांना वाचून दाखवतो.