ट्यूनरचा काटा आणि तारमास्तरांचे कान

तारमास्तरांच्या कानांविषयी मी जे बोललो ते बोलायला नको होते, ही कबुली आधीच देऊन ठेवतो. पुढे जे थोडे रूक्ष, आकडेमोडीचे विवेचन येणार आहे, त्याचे मूळ त्या एका वाक्यात आहे.

इचलकरंजीच्या शाखेत असताना तार खात्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांशी माझा स्नेह जुळला. आम्ही सारे त्यांना तारमास्तर म्हणत असू. मोर्सचा कडकट्ट त्यांच्या कानात असा भिनलेला होता की, समोरच्याशी गप्पा मारता मारता ते आलेली तार कागदावर उतरवीत. हौशी रेडिओचा नाद मला त्यांनीच लावला, परवान्याच्या परीक्षेची तयारीही त्यांनीच करून घेतली. सांगलीच्या भुसार पेठेत वाढलेल्या, एम.कॉम. झालेल्या माणसाला ओहम आणि हर्ट्झ शिकवणे हे सोपे काम नव्हते. २०१३ साली देशातील तारसेवा बंद झाली त्या दिवशी त्यांनी मला रेडिओवर बोलावले, आणि बोलले मात्र काहीच नाही. नुसती कळ दाबून निरोपाचा संकेत दिला.

निवृत्तीनंतर मी सांगलीस परतलो. ते वृद्धापकाळी मुलीकडे गुवाहाटीस गेले. अंतर दोन हजार किलोमीटरांहून अधिक. एवढ्या लांबच्या दिवसाच्या संभाषणास चौदा मेगाहर्ट्झचा पट्टा योग्य, म्हणून रविवारी सकाळी आठची वेळ ठरली. त्यांच्याकडे गच्चीवर त्याच पट्ट्यासाठी कापलेली साधी दहा मीटरची तार होती. माझी तार वीस मीटरची, सात मेगाहर्ट्झसाठी बांधलेली. तिच्या मध्यापासून माझ्या खोलीपर्यंत आरजी-५८ जातीची तीस मीटर कोअॅक्स केबल. चौदावर तिचे स्थायी तरंग गुणोत्तर, म्हणजे ज्याला आम्ही एसडब्ल्यूआर म्हणतो ते, पाचच्या घरात दिसे. एक असणे उत्तम. मी एक ट्यूनर विकत घेतला, त्याची बटणे फिरवली, आणि काटा एकावर आणून ठेवला. त्या काट्याकडे मी किती कौतुकाने पाहत असे!

आणि तरीही रविवारी तारमास्तर म्हणत, “पुन्हा सांग. अगदी अंधुक येतोस.” मला मात्र ते खणखणीत ऐकू येत. वर्षभर हे चालले. एका रविवारी तिसऱ्यांदा तेच वाक्य पुन्हा सांगावे लागले तेव्हा मी वैतागून म्हणालो, “मास्तर, माझ्याकडे सगळे ठीक आहे. तुमचे कान एकदा तपासून घ्या.”

त्यांनी खरोखरच तपासून घेतले. डॉक्टरांनी वयाच्या मानाने कान उत्तम असल्याचे सांगितले. मास्तरांनी विश्वास डॉक्टरांवर न ठेवता माझ्यावर ठेवला. पुढच्या रविवारी ते म्हणाले, “यंत्र तुझे नवे आहे, तू म्हणतोस तेच खरे असेल. आता हा खेळ आवरता घ्यावा म्हणतो. तुला उगाच त्रास.” ज्या माणसाची उभी हयात कानांवर गेली, त्याला मी हे सांगितले होते.

त्या आठवड्यात मी एक जुना ग्रंथ काढून बसलो. अमेरिकन रेडिओ रिले लीगच्या ‘अँटेना बुक’ बरोबर डीन स्ट्रॉ यांनी लिहिलेला ‘टीएलडब्ल्यू’ नावाचा एक संगणकीय कार्यक्रम येतो. प्रेषण तारांचे गणित करणारा. याच कामासाठी बेल प्रयोगशाळेतील फिलिप स्मिथ यांनी १९३९ साली एक वर्तुळाकार आलेख प्रसिद्ध केला होता. तो मी कंपास घेऊन दोनदा गिरवला होता आणि दोनदा सोडून दिला होता. या कार्यक्रमात मात्र यादीतून केबलची जात निवडायची, लांबी, कंप्रता आणि टोकाशी असलेला रोध भरायचा, की जमाखर्च समोर. वीस मीटरची तार चौदा मेगाहर्ट्झवर मध्यातून चालवली की तिचा रोध हजारो ओहम होतो. मी तीन हजार भरले. केबल पन्नास ओहमची.

पडद्यावर आले ते असे: तारेच्या टोकाशी एसडब्ल्यूआर ६०, खोलीच्या टोकाशी ५. एकाच केबलची दोन टोके! परावर्तित होऊन परत येणारी लहर वाटेतच केबल खाऊन टाकत होती, म्हणून माझ्यापर्यंत येणारा अहवाल सौम्य होता. एकूण घट जवळजवळ ११ डेसिबल. म्हणजे केबलमध्ये शिरलेल्या १०० वॅटपैकी वर तारेपर्यंत पोहोचत होते ८. तीन हजार हा आकडा पुस्तकी, म्हणून बँकेतल्या सवयीने दोन्ही बाजूंनी ताणून पाहिला: दोन हजार धरले तर १२ वॅट, पाच हजार धरले तर ५. उत्तर बदलत नव्हते. रोध पन्नास ओहमशी जुळलेला असता तर याच केबलने ६९ वॅट पोहोचवले असते.

आमच्या वडिलांच्या दुकानात हळदीच्या पोत्यांवर वाहतुकीची घट धरली जाई. शेकडा दोन गेले तरी ते गाडीवानाला बोलावून घेत. इथे शेकडा ब्याण्णव जात होते, आणि मी पोहोच न पाहता पावती पाहत होतो. गोदाम तपासणीला जाऊन दारातली पोती मोजायची आणि मागच्या थप्प्या पोकळ आहेत का ते पाहायचे नाही, अशा तपासणीवर नोकरीत मी कनिष्ठांना लेखी खुलासा मागितला असता. ट्यूनर बापडा निर्दोष. तो रेडिओला हवा तो पन्नास ओहमचा रोध दाखवतो, एवढेच त्याचे काम. केबलच्या पलीकडे काय चालले आहे यात तो काडीचाही फरक करीत नाही. ९० वॅटची उष्णता तीस मीटरांवर पसरलेली, मधूनमधून बोलण्यातली. हाताला कशी कळावी?

मग ते मला स्वच्छ कसे ऐकू येत? याच घटीतून त्यांचा आवाज येई आणि आकाशातील खरखरही त्याच प्रमाणात कमी होई. दोन्ही सारख्या प्रमाणात घटल्यावर कानाला तोटा जाणवत नाही. प्रक्षेपणाला तशी सवलत नाही. ज्याची तूट मला दिसू शकत नव्हती ती केवळ त्यांनाच ऐकू येत होती, आणि वर्षभर ते मला तेच सांगत होते.

उपायही पडद्यावरच आजमावला. केबलच्या जागी दोन उघड्या समांतर तारांची वाहिनी भरली, तर तेच तीस मीटर आणि तोच बेमेळ असूनही ९० वॅटहून अधिक वर पोहोचत होते. तांब्याची तार आणली, वायरिंगच्या पीव्हीसी नळीचे बोटभर तुकडे कापून दोन तारांमध्ये अंतर ठेवण्यास बसवले, गच्चीच्या लोखंडी कठड्यापासून वीतभर दूर राहील अशी ती वाहिनी ओढली. ट्यूनरपाशी एक बॅलन बसवला. त्यात आणि ट्यूनरच्या गुंडाळीत काही वॅट जातात, ते जावोत. सौभाग्यवतींनी वर येऊन हे सारे पाहिले आणि कपडे वाळत घालायला चालेल का, असे विचारले.

मास्तर रेडिओ लावणार नाहीत, हे ठाऊक होते. म्हणून शनिवारी मुलीला फोन करून, उद्या आठला फक्त पाच मिनिटे, अशी विनवणी केली.

रविवारी मी हाक दिली. पलीकडून लगेच आले, “अरे, हे काय? कोणता अॅम्प्लिफायर घेतलास?” मी म्हणालो, “काही घेतले नाही, मास्तर. चूक माझ्या केबलची होती. तुमच्या कानांची कधीच नव्हती.” आणि मग सारा हिशेब त्यांना वाचून दाखवला, साठ, अकरा, आठ, एकेक आकडा सावकाश. क्षमाही मागितली, ती त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखी केली.

थोडा वेळ नुसती खरखर. मग ते म्हणाले, “आठ वॅटवर मी तुझे वर्षभराचे बोलणे उतरवून घेतले म्हणायचे.” आवाजात तार खात्यातला जुना ताठा होता. “पुढल्या रविवारी मोर्समध्ये ये. तुझी कळ फार गचाळ झाली आहे, ते मला आठ वॅटमध्येही कळत होते.”