जोत्याची तपासणी

आम्ही घरं बांधली तेव्हा नकाशाला वास असायचा. अमोनिया प्रिंटची गुंडाळी रबर लावून नगरपालिकेत न्यायची, बारनिशीत शिक्का घ्यायचा आणि नगररचनाकारांच्या टेबलावर ती उलगडायची. एका कोपऱ्यावर पेपरवेट, दुसऱ्यावर साहेबांचा चष्म्याचा डबा, तिसऱ्यावर आपला तळहात. साहेब लाल पेन्सिलीने सामासिक अंतराभोवती गोल काढत आणि म्हणत, ‘इथे जरा सोडा हो.’

आता नकाशा ऑनलाइन जातो, अंतरं संगणक मोजतो आणि ‘त्रुटी’ मोबाइलवर येते. घर कोणाचं, हे संगणक विचारत नाही. हे चांगलंच आहे, कारण पूर्वी त्या चौकशीचा शेवट बहुधा पाकिटात व्हायचा.

नगररचनेचा कायदा मात्र तोच, 1966 चा. 60 दिवसांत उत्तर आलं नाही आणि नकाशा नियमात बसत असला, तर परवानगी मिळाली असं मानायचं, ही तरतूद तेव्हाही होती. पण लेखी कागदाशिवाय कुदळ मारायची हिंमत कोणाची? नकार आला, तर कलम 47 खाली 40 दिवसांत थेट राज्य शासनाकडे अपील. म्हणजे रात्रीची एसटी, डब्यात दशम्या, मंत्रालयाच्या पासाची रांग आणि शेवटी पुढची तारीख. परतताना त्याच एसटीत आपल्यासारखाच एखादा अपीलवाला भेटे आणि घाट उतरेपर्यंत दोघांचे नकाशे मांडीवर पसरलेले असत.

जोतं झालं की ओव्हरसियर यायचा. टेपचं एक टोक त्याच्याकडे, दुसरं आमच्या वडिलांकडे. सहा इंच पुढे गेलेलं जोतं त्याला लगेच दिसायचं आणि चहा झाला की दिसेनासं व्हायचं. शेजाऱ्याने तक्रार केली, तर कलम 53 ची पाडकामाची नोटीस खळ लावून दारावर डकवली जाई. पंच म्हणून सही कधी कधी त्याच शेजाऱ्याची! बेकायदा बांधकामाला तीन वर्षांपर्यंत कैद आहे म्हणतात. आमच्या गल्लीतलं कोणी गेलेलं आठवत नाही. उलट बेकायदा बांधकामं नियमित करणारा 2001 चा गुंठेवारीचा कायदा आला आणि नियमाने जागा सोडणारे आम्हीच येडे ठरलो.

कारवाईची जबाबदारी नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे नगरपालिकेचीच, तेव्हाही आणि आताही. तेव्हा ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ असं शिपाई तोंडावर खोटं सांगायचा. आता वाढीव भिंतीचा फोटो ॲपवर टाकला की चार दिवसांत ‘तक्रार निकाली’ असा संदेश येतो. भिंत जागच्या जागी. निकाली कोणी काढली हे विचारायला कचेरीत जावं, तर खिडकीवर पाटी : चौकशी ऑनलाइनच करावी.