कागदावरचं डाळिंब

मंडळी, आज एका फळझाडाची ओळख करून देतो. कृषी विद्यापीठाच्या पुस्तकात हे सापडणार नाही.

मूळ: सातबाऱ्यात. जमिनीत नाही, म्हणून पाणी लागत नाही. ठिबकही नको.
खोड: फोटोपुरतं. बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या बागेतलं.
पानं: ए-फोर आकाराची, खाली सही-शिक्का.
बहार: मृग आणि आंबिया, दोन्ही धरतो.
वय: नियमात बसेल तेवढं. विम्याला डाळिंब किमान २ वर्षांचं लागतं, संत्रा-मोसंबी ३ आणि आंबा ५. कागदावर झाड एका रात्रीत वयात येतं.
रोग: तेल्या नाही, मर नाही.
फळ: थेट बँक खात्यात.

हसू नका. २०२४ च्या सुमारास कृषी विभागाची माणसं पडताळणीला शेतात गेली, तेव्हा विमा उतरवलेल्या कितीतरी ठिकाणी बागच नव्हती.

हे जमतं कसं? फळपीक विमा हवामानावर आधारित आहे. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर पाऊस, तापमान वगैरे ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की भरपाई लागू होते. एकेका झाडाचं नुकसान बघायला कुणी येत नाही. नियम तसा चांगलाच आहे, पंचनाम्याची वाट बघावी लागत नाही. पण झाड बघायचंच नसेल, तर नसलेल्या झाडालाही तीच भरपाई मिळते.

आता खऱ्या बागवाल्याचं बघा. औषधं, मजुरी, छाटणी, रात्रीची लाईट, सगळं करून तेल्यानं बाग काळी पडते. वर बोगस अर्ज निघाले की पडताळणी सगळ्यांचीच. ज्याची बाग उभी आहे, तोही संशयाच्या रांगेत. हप्त्यातला मोठा वाटा केंद्र आणि राज्य सरकार भरतं, म्हणजे पैसा तुमचा-आमचाच.

काही जण म्हणतील, शेतकऱ्याला चोर ठरवू नका. बरोबर आहे. अर्ज भरणारा, फोटो काढणारा, डोळे मिटून पुढे ढकलणारा, हे सगळे शेतकरीच असतात असं थोडंच आहे?

मागणी साधी आहे. विमा उतरवलेल्या बागांची यादी, म्हणजे गटनंबर, फळ आणि क्षेत्र एवढंच, दर हंगामात चावडीवर लावा आणि ग्रामसभेत वाचा. कुठल्या गटात डाळिंब आहे आणि कुठे नुसती कुसळं, हे गावाला सॅटेलाईटपेक्षा चांगलं माहीत असतं.

आपल्या गावची यादी कुणी मागितली असेल, तर कमेंटमध्ये सांगा.