आजीचं परडं आणि माझे चार ट्रे

आमच्या पाटण तालुक्यातल्या गावात दसऱ्याला पुरुषांच्या टोपीत घटातले पिवळे तुरे खोवलेले दिसायचे. घटस्थापनेला पत्रावळीवर वावरातली माती पसरून तिच्यात ज्वारी, गहू, करडई असं धान्य पेरायचं. नवव्या-दहाव्या दिवशी ते वीतभर वर आलेलं असायचं. देवघर अंधारं, म्हणून त्या तुऱ्यांना हिरवा रंग कधी चढायचाच नाही. परवा जिन्याखाली राहून गेलेला माझा एक ट्रे तसाच हळदीच्या रंगाचा उगवला आणि पंचावन्न वर्षांपूर्वीचं ते देवघर डोळ्यांपुढे उभं राहिलं.

ट्रे कोंबड्यांसाठी आहेत. कऱ्हाडजवळच्या आमच्या घरामागे आठ कोंबड्या आहेत आणि मागची सगळी जागा फरशीची आहे. रात्री गहू किंवा मका भिजत घालायचा, सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधायचा, मोड फुटले की भोकं पाडलेल्या ट्रेमध्ये बोटाच्या पेराएवढ्या थरात पसरायचा. दिवसातून तीनदा पाणी शिंपडायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोड चारता येतात. सातव्या-आठव्या दिवशी मुळांची गादी होते आणि वर हिरवंगार गवत. ती गादी अख्खी उचलून फरशीवर टाकली की आठही जणी तुटून पडतात.

आजीनं कोंबड्यांसाठी कधी काही उगवून घेतलं नाही. तिच्या परड्यात पंधरा-वीस कोंबड्या असायच्या. सकाळी खुराडं उघडायचं, मूठभर कण्या टाकायच्या आणि संध्याकाळी ‘तीऽतीऽतीऽ’ करून आत घ्यायचं. मधल्या वेळात त्या काय खात, हे मी शाळेला सुट्टी असली की बघत बसायची. परड्याच्या कडेला घोळ आणि तांदुळजा आपोआप उगवलेला असे. मोरीचं पाणी जिथं जायचं तिथं हरळी बारमाही हिरवी. शेवग्याचा पाला गळे, तोही त्या टिपत. उकिरडा उकरून अळ्या काढत. पिल्लं असली की आजी मडक्यात ओलं शेण आणि काडीकचरा भरून ते जमिनीवर पालथं घालून ठेवी. दुसऱ्या दिवशी आत वाळवी भरलेली असे आणि पिल्लांची मेजवानी व्हायची.

मोड आलेलं धान्यही त्यांना मिळायचं, पण ते बिघडलेलं किंवा उरलेलं. अवकाळी पावसात खळ्यावरची कणसं भिजून जागच्या जागी उगवली, की तो दाणा घरात कुणी खायचं नाही. तो परड्यात जायचा. घरात तान्हं मूल असलं की नाचणीला मोड आणून सत्त्व काढायचं आणि फडक्यात राहिलेला चोथा कोंबड्यांना. त्या दिवसांत अंडी चांगली येतात, असं आजी म्हणायची. घटातलं धान मात्र तिनं कधी त्यांना घातलं नाही. ते देवाचं, ते वावरात जायचं.

आजीच्या म्हणण्यात तथ्य होतं, हे मला फार उशिरा कळलं. दाणा रुजायला लागला की आतल्या पिठाची साखर होऊ लागते. धान्यातलं बरंचसं स्फुरद एरवी कोंबडीच्या पोटात सुटं होत नाही, ते रुजताना काही प्रमाणात मोकळं होतं. कोवळ्या पात्यात जीवनसत्त्वं तयार होतात. बलक केशरी होतो तो या हिरव्यातल्या रंगद्रव्यामुळे. म्हणून तर जिन्याखालचा पिवळा ट्रे मी दोन दिवस उजेडात ठेवला आणि मगच चारला.

पण एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. एक किलो मक्याचा पाच-सहा किलो चारा होतो, असं कौतुकानं सांगतात आणि लोकांना वाटतं खाद्याचा खर्च पाचपट कमी झाला. ते वाढलेलं वजन पाण्याचं असतं. उगवायला लागणारी ताकद दाण्यानं स्वतःतूनच खर्च केलेली असते, त्यामुळे कोरडं वजन उलट थोडं घटतंच. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम सकस खाद्य लागतंच, आणि कवचासाठी चुना किंवा शिंपल्यांचा चुराही. ट्रेमधलं हिरवं त्याच्या जोडीला द्यायचं, बदली नाही.

दुसरी गोष्ट मी नुकसान सोसून शिकले. पहिल्या आषाढात ट्रे आंबूस वासाचा आला, खाली करडी जाळी धरलेली. मुळांना पांढरी लव असतेच, ही तीच असेल असं समजून मी तो चारला. दोन दिवसांत एक तलंग मान टाकून बसली आणि गेली. तेव्हापासून मी पाणी शिंपडून बघते. मुळांची लव पाण्यानं चिकटून दिसेनाशी होते, बुरशी तशीच राहते. शंका आली की सगळा ट्रे खड्ड्यात. बियाण्याच्या दुकानातला गुलाबी रंगाचा दाणाही कधी भिजवू नका, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. आणि ज्वारी ट्रेमध्ये नकोच. कोवळ्या ज्वारीत विष असतं म्हणून आजी गुरंसुद्धा त्या वावरात जाऊ देत नसे.

आजीच्या वेळचं सगळंच चांगलं होतं, असं मी म्हणणार नाही. घार पिल्लं उचलायची, मुंगूस अंडी फोडायचं. मानमोडी आली की चार दिवसांत खुराडं रिकामं व्हायचं आणि आजी पदरानं डोळे पुसत डालगं उन्हात वाळत टाकायची. आज लासोटा लसीच्या थेंबांनी तो रोग रोखता येतो. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी द्यायची, हैदराबादच्या संशोधनातून आलेली वनराज त्याहून बरीच जास्त देते. आणि चैत्र-वैशाखात परडं करपून जायचं तेव्हा अंड्यांचा बलकही फिका पडायचा. माझे ट्रे ऐन उन्हाळ्यात सावलीला हिरवे असतात. आजीनं ते बघितलं असतं तर तिला नक्की आवडलं असतं.

तरीही ट्रेला पाणी मारताना मला पुन्हा पुन्हा जाणवतं की मी हे सगळं एका गमावलेल्या परड्याच्या भरपाईसाठी करते आहे. घोळ, हरळी, उकिरडा, वाळवी, उकरायला मऊ माती, गिळायला बारीक खडे. आजीला यातलं काहीच आणावं लागलं नाही. आम्ही घर बांधलं तेव्हा चिखल नको म्हणून मागे कुंपणापर्यंत फरशी घातली. गेल्या पावसाळ्याआधी त्यातली एका कोपऱ्यातली फरशी मी उखडून घेतली आणि तिथे लसूणघास पेरला. कोंबड्या आता सकाळी सुटल्या की ट्रेकडे नंतर येतात, आधी त्या मातीत जातात.

तुम्ही नवं घर बांधत असाल, तर मागची फरशी घालायला गवंडी येईल त्या दिवशी घरी थांबा आणि निदान दहा बाय दहाची माती मोकळी ठेवून घ्या. लसूणघास एकदा पेरला की तीन वर्षं कापता येतो.