शनिवारचा दम



दादा गेला. मालेगावात मागवाला मेला तर त्याची बातमी होत नाही. दादाचीही झाली नाही. म्हणून हे लिहितोय.

शाळा सुटली तसा मी यंत्रमागावर आलो. आधी कांड्या भरल्या, पुढं माग मिळाला. समोरच्या मागावर दादा. वयानं बापाएवढा, पण काका म्हणलं की चिडायचा. "दोस्त म्हण, नाय तर दादा म्हण." खात्यात खडखडाट असा, की माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलतात. दादाचे कान तर पार गेलेले. माझी पहिली कविता त्यानं माझ्या ओठांवरूनच ऐकली. ऐकून झाल्यावर तळहातावर बोटानं लिहिलं, 'सूर्य काढ.'

शुक्रवारी माग बंद असतात. मोसमच्या काठी बसलो तेव्हा बोलला, "सूर्य सगळेच लिहितात रे. आपल्या खात्याला खिडकी नाही, हे कोण लिहील?" माझी कविता त्या दिवशी सुरू झाली.

मला जोडाक्षरं अडायची. मग दादा वामनदादा कर्डकांचं नाव काढायचा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मोठेपणी मुंबईत अक्षरं शिकला आणि 2004 साली जाईपर्यंत बाबासाहेबांना गावोगाव गात राहिला. "तुझं तर अजून मिसरूडही पुरतं फुटलं नाही," दादा म्हणायचा. "वाच."

एका शुक्रवारी त्यानं मला मनमाडला नेलं. स्टेशनबाहेर चहा पाजला आणि म्हणला, "1938 च्या फेब्रुवारीत बाबासाहेब इथं रेल्वेच्या कामगारांपुढं बोलले. शत्रू दोन सांगितले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. पहिला आपल्या पोरांना पाठ आहे. दुसऱ्याचं नाव घेताना जीभ अडते, कारण उचल त्याच्याकडून घेतलेली असते." बाबासाहेब मजूरमंत्री असताना, 1946 साली, कारखान्यातले आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आणले गेले. हे सांगून दादा आमचे तास मोजायचा. रोजचे बारा. सहा दिवसांचे बहात्तर.

त्याला खोकला होता. सुट्टी संपून शनिवारी पाळीवर आला, की छाती आवळायची. दोन दिवसांनी जरा मोकळी व्हायची, पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. पुढं पुढं वारच उरला नाही, रोजच दम लागायचा. सुताची धूळ फुफ्फुसात बसली की असंच होतं. त्याला बिसिनोसिस म्हणतात. 1923 च्या कामगार भरपाईच्या कायद्यात, तिसऱ्या परिशिष्टात, हा धंद्यातून होणारा रोग म्हणून छापलेला होता. दादानंच ते शोधून मला वाचायला लावलं होतं. पण दवाखान्याच्या कागदावर नुसता दमा लिहिला. मालकाच्या हजेरीबुकात तर दादाचं नावच नाही. नाव नाही म्हणून कामगार नाही. कामगार नाही म्हणून भरपाई नाही. आयुष्यभर कापड विणलं आणि कागदावर एक धागा नाही.

त्रिसरण-पंचशील झालं तेव्हा खात्यातले मुसलमान चाचा मागं हात बांधून उभे होते. त्यांनीही खांदा दिला. त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडाली. त्यांच्यातले दोघे खोकत होते.

वस्तीतली पोरं म्हणतात, चौकात दादाचा फ्लेक्स लावू. लावा. पण पावसाळ्यात फ्लेक्स फाटतो. दादाची वही माझ्याकडे आहे. तिच्यात त्यानं कामगारांची नावं लिहिलीत. कोणत्या खात्यात, किती वर्षं, कुणाला शनिवारी दम लागतो. जातधर्म बघितलेला नाही. पहिलं नाव त्याचं स्वतःचं आहे. बरीच पानं कोरी आहेत.

दोस्तहो, दोन शत्रूंपैकी एकाशीच भांडून चालणार नाही. शुक्रवारी सकाळी मोसमच्या पुलाजवळ या. आपापल्या खात्यातली नावं घेऊन या. लिहिता येत नसेल तरी या. अक्षरं आम्ही शिकवू.