खिशातला हात

अहवाल लिहायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीत अडकले. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक म्हणून इतकी वर्षं झाली, तरी मुलांच्या ताब्याच्या प्रकरणात पेन जड होतं.

सकाळी सात वर्षांचा मुलगा आला होता. बुटाची लेस सोडायचा, पुन्हा बांधायचा. मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "मला आईकडेच राहायचंय. बाबा जबाबदारी घेत नाहीत." जबाबदारी! हा शब्द कोणी पढवला, ते विचारायची गरज नव्हती. बाहेर पडताना मात्र बाबा दिसले तसा धावत सुटला आणि थेट त्यांच्या खिशात हात घातला. खाऊ होताच.

आता यातलं काय लिहू? १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यातलं कलम १२ न्यायाधीशांना डॉक्टर, कुटुंबकल्याणाचं काम करणारी माणसं यांची मदत घ्यायची मुभा देतं. शक्यतो ती व्यक्ती स्त्री असावी, असंही त्यात आहे. (म्हणजे बाईला मुलांचं कळतंच, हे गृहीत.) १८९० चा पालक आणि पाल्य कायदा म्हणतो, मूल जाणतं असेल तर त्याची पसंती विचारात घेता येईल. जाणतं म्हणजे किती वर्षांचं, ते मात्र सांगत नाही. ते मी सांगायचं, पाऊण तासाच्या ओळखीवर.

गृहभेटीचाही भरवसा नाही. आम्ही जातो त्या दिवशी घर हमखास आवरलेलं असतं.

शेवटी दोन्ही लिहिलं, वाक्यही आणि खिसाही. शनिवारी त्याला पुन्हा बोलावलंय. आईबाबांना खालीच थांबायला सांगणार आहे.